कॉलनी ते मेन रोड, ज्येष्ठांना चालता येईल असा रस्ता: नगर निगमाकडे (महापालिकेकडे) आधी काय मागावं?

ओटीवरून

मोजमापं सगळी देते, म्हणजे उत्तरं मोघम येणार नाहीत.

इंदूर, राजेंद्र नगरच्या बाजूची जुनी कॉलनी. घरांपासून मेन रोडपलीकडचं मेडिकल, बँक आणि सिटी बसचा थांबा इथपर्यंत साधारण ६५० मीटर. कॉलनीतला रस्ता कंपाउंड ते कंपाउंड १२ मीटर. मधे ७ मीटर सीसी (सिमेंट काँक्रीट) रोड, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर पेव्हरची, म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांची पट्टी. ही पट्टी सीसीपेक्षा कुठे ८ सेंटिमीटर खाली, तर कुठे गाडी चढवायला घरमालकानं केलेल्या उतारामुळे १५ सेंटिमीटर वर. झाडं, विजेच्या दोन डीपी (ट्रान्सफॉर्मर), चेंबरची झाकणं सगळं त्याच पट्टीत. मेन रोडला खरा फुटपाथ आहे, २.५ मीटर रुंद, पण रस्त्यापासून २२ सेंटिमीटर उंच. मेन रोड दोन्हीकडे ७-७ मीटर, मधला डिवाइडर ६० सेंटिमीटरचा, त्यावर कण्हेर. सिग्नल आहे, पायी जाणाऱ्यांचा वेगळा दिवा नाही. फुटपाथवर भाजीचे आणि फळांचे ठेले.

पार्षद (नगरसेवक) म्हणतात निधी आहे, जुने पेव्हर काढून नवे बसवून देतो. आमच्या ज्येष्ठांच्या मंडळातल्या निम्म्या लोकांना ते पटलंय. मला शंका आहे. विचारायचंय ते असं: पैसा मर्यादित असेल तर आधी कुठे घालावा? रॅम्पचं नेमकं माप काय सांगावं? आणि मेन रोड ओलांडण्यासाठी काय मागता येतं?

मुरूमगिट्टी

ताई, शंका रास्त आहे. नवे पेव्हर हे सगळ्यात सोपं टेंडर असतं, म्हणून ते आधी पुढे येतं. पण वयस्क माणूस रस्ता निवडतो तो त्यातल्या सगळ्यात वाईट जागेवरून. सहाशे मीटर गुळगुळीत आणि एका ठिकाणी २२ सेंटिमीटरची उडी असेल, तर गुडघेदुखीवाल्यासाठी तो रस्ता बंदच. तेव्हा आधी तुटक जागा जोडा: कोपऱ्यावरचे रॅम्प, चेंबर, गाड्यांचे उतार. नवे ठोकळे सगळ्यांत शेवटी, तेही फक्त जिथे जुने हलतात तिथे.

मोजणी स्वतः करून घ्या, निगमाच्या सब-इंजिनियरची वाट बघू नका. १२० सेंटिमीटरची सरळ फळी, एक स्पिरिट लेव्हल, टेप आणि खडू एवढं पुरतं. फळीचं एक टोक उतारावर टेकवायचं, लेव्हलचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत दुसरं टोक उचलायचं आणि खालची फट मोजायची. फट १० सेंटिमीटर म्हणजे उतार १ला १२ (बारा सेंटिमीटर लांबीला एक सेंटिमीटर चढ), व्हीलचेअर आणि वॉकरसाठी चालेल एवढा. १५ आली तर १ला ८, तिथे वॉकरवाला अडतो. फळी आडवी, म्हणजे कंपाउंडकडून रस्त्याकडे धरली तर फट अडीच सेंटिमीटरच्या आत हवी. तेवढा आडवा उतार पाणी निघायला पुरतो. त्याहून जास्त झाला की चालणारा सतत एका कुशीला कलतो आणि वॉकर रस्त्याकडे ओढला जातो. प्रत्येक अडथळ्याला नंबर, फोटो, आणि सुरुवातीपासूनचं अंतर. पुढे एस्टिमेट बनताना हाच कागद कामी येतो.

आता रॅम्प. आयआरसी:१०३ हे इंडियन रोड्स काँग्रेसचं (आयआरसी) पायी चालणाऱ्यांच्या सोयींचं मानक. त्यात कर्बची (फुटपाथच्या कडेच्या दगडाची) उंची जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर आहे, म्हणजे तुमचे २२ मुळातच नियमाबाहेर. २२ ला १ला १२ उतार द्यायचा तर लांबी हवी २ मीटर ६४. फुटपाथच अडीच मीटर. आडवा रॅम्प बसतच नाही, वर वळायला जागा उरत नाही. ठेकेदार अशा वेळी हमखास दोनपैकी एक करतो: मीटरभरात उतार उरकतो, म्हणजे घसरगुंडी, किंवा रॅम्प फुटपाथच्या बाहेर रस्त्यावर काढतो. बाहेरचा रॅम्प नालीच्या तोंडाशी पाणी अडवतो आणि पहिल्या पावसाळ्याआधी एखाद्या लोडिंग रिक्षाचं चाक लागून त्याचा कोपरा उडतो.

उपाय म्हणजे कोपऱ्यावर अख्खा फुटपाथच खाली आणायचा. कर्ब काढा, ओलांडायच्या जागी दीड मीटर लांबीचा सपाट टप्पा रस्त्याच्या लेव्हलला करा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फुटपाथच्या दिशेनं लांब उतार द्या. उजव्या-डाव्या अंगाला जागा असते, त्यामुळे २ मीटर ६४ सहज मिळतात. कोपऱ्यावर पाणी तुंबू नये म्हणून टप्प्याला रस्त्याकडे किंचित ढाळ, आणि नालीची जाळी टप्प्याच्या चढाकडच्या बाजूला, टप्प्यात नाही.

एस्टिमेटमध्ये हे शब्द लिहून घ्या: एम-२० काँक्रीट, जाडी १० सेंटिमीटर, खाली दाबलेला मुरूम, वर झाडूची फिनिश, रेघा चालण्याच्या दिशेला आडव्या. घोटून गुळगुळीत नको, पॉलिश कोटा फरशी तर मुळीच नको. पाऊस पडला की कोट्यावर तरुणही घसरतात. रुंदी किमान १२० सेंटिमीटर. रॅम्पचं खालचं टोक आणि डांबर यांच्यात ओठ राहता कामा नये, बोट अडकलं तर काम परत करायला लावा. वॉकरचं पुढचं छोटं चाक दीड सेंटिमीटरलाही अडतं आणि माणूस पुढे जातो. हा ओठ बहुतेक वेळा नंतर तयार होतो: डांबराचा नवा थर टाकताना जुना खरवडत नाहीत, रस्ता चढतो, रॅम्प खड्ड्यात जातो. म्हणून डांबरीकरणाच्या एस्टिमेटमध्ये "जुना थर मिलिंग करून" हे शब्द आहेत का ते बघा.

पेव्हरबद्दल. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर सरळ वाळू टाकून ठोकळे मांडले की एका हंगामात लाटा. माती किमान ३० सेंटिमीटर काढून मुरूम दोन थरांत दाबायचा, त्यावर गिट्टी-चुरीचा दाबलेला थर, मग २.५ ते ३ सेंटिमीटर वाळू, मग ६० मिलिमीटरचा ठोकळा. दोन्ही कडांना काँक्रीटची कड हवीच. कड नसेल तर ठोकळे बाजूला सरकतात, सांधे उघडतात, वाळू धुपून जाते आणि एकेक ठोकळा डुलायला लागतो. डुलणारा ठोकळा पायरीपेक्षा वाईट, कारण पायरी दिसते तरी. वाळूच्या जागी नुसती बारीक चुरी वापरू देऊ नका, ती पाणी धरते आणि पावसात खालून चिखल वर फेकते. आणि नळाच्या लाइनीसाठी खणलेला चर: तो थराथरानं न दाबता भरला असेल तर वरचं सगळं काम वाया. आधी चर, मग बाकी.

काम ऑक्टोबरनंतर काढा. पाऊस संपलेला असतो आणि मातीतला ओलावा अजून टिकून असतो.

ओटीवरून

मुरूमगिट्टी, फळीची युक्ती लगेच करून बघता येईल. गाड्यांच्या उतारांचं मात्र अवघड आहे. एकालाही म्हटलं की फुटपाथ सपाट करायचाय तर भांडण ठरलेलं. गाडी आत कशी न्यायची?

मुरूमगिट्टी

भांडायची गरज नाही, फक्त उताराची जागा बदलायची. अडीच मीटर पट्टीतले रस्त्याकडचे ६० सेंटिमीटर उतारासाठी आणि खांब-झाडांसाठी, आतले १.८ ते १.९ मीटर सलग सपाट. आयआरसी:१०३ मोकळी रुंदी १.८ मीटरच मागतं, आणि वर २.२ मीटरपर्यंत काही लोंबकळू नये म्हणतं, म्हणजे फांदी, बोर्ड, दुकानाची ताडपत्री सगळं आलं.

याचं गणित उंचीवर आहे. फुटपाथ १५ सेंटिमीटर ठेवलात तर ६० सेंटिमीटरात १ला ४ चढ, गाडीचं पोट घासतं आणि मालक पुन्हा सिमेंट ओततो. तोच १० सेंटिमीटर ठेवा, १ला ६ होतो, कुठलीही गाडी चढते. १० सेंटिमीटरची पायरी गुडघ्यालाही सोपी आणि कोपऱ्यावरचा रॅम्पही १ मीटर २० मध्ये होतो. लोकांना वाटतं फुटपाथ उंच म्हणजे सुरक्षित. उंच फुटपाथवर गाड्या चढत नाहीत हे खरं, पण आजीही चढत नाहीत.

चौराहा_मोजणी

मुरूमगिट्टींचं मेन रोडपुरतं सगळं बरोबर. कॉलनीच्या आत मात्र माझं मत वेगळं आहे.

आत ७ मीटर सीसी आहे, गाड्या तुरळक. ज्येष्ठ मंडळी आजही सीसीच्या कडेनंच चालत असणार, कारण ती एकमेव सपाट जागा आहे. तिथे दोन्ही बाजूंना फुटपाथ उभारण्यात पैसा घालण्यापेक्षा गाड्यांचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास आणा आणि रस्ता सगळ्यांचा ठेवा. शहरात छप्पन दुकानचा (खाऊगल्लीचा) रस्ता २०२०च्या कामात गाड्यांविना, सपाट केला. तिथे चालायला वेगळा फुटपाथ लागत नाही. कॉलनीत गाड्या पूर्ण बंद करता येणार नाहीत, पण तत्त्व तेच. पट्टी सीसीच्या लेव्हलला आणली आणि एका बाजूचं पार्किंग काढलं तरी काम होतं.

वेग कमी करायला लोक स्पीड ब्रेकर मागतात. जपून मागा. आयआरसी:९९ मधला हंप ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो, सावकाश चढतो, सावकाश उतरतो. गल्लीत बनतो तो अर्धा मीटर रुंद आणि एकदम उभा. स्कूटरवाला तो टाळायला कडेनं, जिथे हंप संपतो त्या फटीतून निघतो, आणि नेमकं तिथेच कडेला म्हातारी माणसं चालत असतात. म्हणून हंप कडेपर्यंत पूर्ण हवा. बोल्टनं बसवलेले रबरी तुकडे तर नकोच. तुकडे उखडतात, बोल्ट वर राहतात, चप्पल अडकते. त्यापेक्षा दोन गल्ल्या मिळतात तिथे अख्खा चौक १० सेंटिमीटर उचलून घ्या, चारी बाजूंनी दीड मीटरचे उतार.

आता खरा विषय, मेन रोड. सिग्नलच्या हिशोबात चालण्याचा वेग बहुधा सेकंदाला १.२ मीटर धरतात. काठी घेऊन चालणारा ०.८ धरा. तुमचा रस्ता डिवाइडरसकट १४.६ मीटर. १.२ च्या हिशोबानं १२ सेकंद, ०.८ च्या हिशोबानं १८ पेक्षा थोडे जास्त, आणि दिवा बघून पाऊल उचलेपर्यंत दोन-तीन सेकंद वेगळे. म्हणजे २१ मागा. अर्ज पोलिस उपायुक्त, यातायात (वाहतूक) यांच्या नावे, आणि त्यात हे गणित लिहा. "वेळ वाढवा" असं मोघम लिहिलेला अर्ज कुणी उघडत नाही.

२१ सेकंद मिळाले नाहीत तर दोन टप्प्यांत ओलांडायची सोय मागा, आणि मिळाले तरी मागा. ६० सेंटिमीटरच्या डिवाइडरवर वॉकर मावत नाही, उभ्या माणसाची पाठ बसच्या आरशाला लागेल. दोन्ही बाजूंच्या ७ मीटरमधून ५०-५० सेंटिमीटर घ्या. दोन लेन ३.२५ मीटरच्या राहतात, शहरी रस्त्याला भरपूर. मधे १.६ मीटर जागा होते, व्हीलचेअर जेमतेम मावते. २ मीटर मिळाले तर उत्तम, ढकलणाराही आत येतो. मग एका वेळी साडेसहा मीटर ओलांडायचे, आठ-नऊ सेकंदांत होतात. डिवाइडर तिथे पूर्ण कापून रस्त्याच्या लेव्हलला आणायचा. "छोटी पायरी ठेवतो" म्हणतील, ऐकू नका.

आणि कण्हेर. ओलांडायच्या जागेच्या अलीकडे २० मीटरपर्यंत झाडी गुडघ्याच्या वर नको. वाकून चालणारी व्यक्ती कण्हेरीमागे दिसतच नाही, गाडीवाल्याला ती अचानक समोर उगवल्यासारखी वाटते.

शहरात जिथे जिथे डिवाइडर नव्यानं बांधले जात आहेत, तिथे ही मागणी कर्ब स्टोन बसायच्या आधी पोचवा. बसवलेला दगड उखडून द्यायला कुणी तयार होत नाही.

दोन_नंबर_गेट

फूट ओव्हरब्रिज का नाही मागत? एकदाच काय तो प्रश्न मिटेल.

चौराहा_मोजणी

खालून ५.५ मीटर मोकळी उंची सोडायची, वर तुळयांची जाडी, म्हणजे पाय ठेवायची लेव्हल ६ मीटरच्या आसपास. १५ सेंटिमीटरच्या पायरीनं चढायला ४०, उतरायला ४०. लिफ्ट बसवतात, पण ती चालवायला माणूस आणि वार्षिक देखभाल करार लागतो. वीज गेली की वरचा माणूस वर. ओव्हरब्रिज गाड्यांच्या सोयीसाठी असतो, चालणाऱ्याच्या नाही. पार्षदांना तो आवडतो कारण त्यावर जाहिरातीही लागतात आणि फलकही.

घोटा_गुडघा

मी फिजिओथेरपीच्या अंगानं लिहिते. वरच्या दोघांनी रस्ता सांगितला, त्यावर चालणाऱ्या शरीराचं थोडं.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत-लांबत भार झेलतो, आणि वयानुसार त्या स्नायूची ताकद कमी होत जाते. म्हणून जिथे एक-दोन पायऱ्या काढताच येत नाहीत (बँकेच्या दारात, मेडिकलच्या ओट्याला) तिथे दोन्ही बाजूंना कठडा हवा. एका बाजूचा कठडा ज्याचा दुसरा हात धड आहे त्याला निरुपयोगी. उंची साधारण ९० सेंटिमीटर, पाइप ४ ते ४.५ सेंटिमीटर व्यासाचा गोल, भिंतीपासून ५ सेंटिमीटर सुटा. चौकोनी मोठा पाइप मुठीत बसत नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला ५ सेंटिमीटरची पिवळी पट्टी, फक्त कडेला. अख्खी पायरी पिवळी केली तर कड पुन्हा दिसेनाशी.

बायफोकल चष्म्याचा खालचा भाग वाचायच्या अंतरासाठी असतो. खाली बघितलं की पायाजवळची कड त्यातून धूसर दिसते. मंडळातल्या ज्यांना परवडेल त्यांनी चालायला फक्त लांबचा नंबर असलेला वेगळा चष्मा करून घ्यावा. काठीच्या टोकाचं रबर गुळगुळीत झालं की बदलायचं, सर्जिकलच्या दुकानात मिळतं. काठीची मूठ हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी यावी.

आता बाकं, कारण इथे हमखास चुकतं. निगम जी बाकं बसवतं किंवा कुणाच्या स्मरणार्थ जी बसतात, त्यातली बरीचशी बसायला ठीक आणि उठायला वाईट. बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच हवी. पाठ हवी. आणि दोन्ही टोकांना हात टेकायला दांडा हवा, बैठकीपासून साधारण २० सेंटिमीटर वर. उठताना पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्यावे लागतात, म्हणून बाकाखाली मोकळी जागा पाहिजे. खाली भरीव ओटा असलेलं संगमरवरी बाक दिसायला छान, पण टाच मागे जात नाही आणि माणूस दोनदा झोका देऊन उठतो. स्टील आणि ग्रॅनाइटची बैठक मे महिन्यात दुपारी चारलाही चटका देते. लाकडी किंवा लाकडासारख्या पट्ट्यांची घ्या, पट्ट्यांत बारीक फट, म्हणजे पाणी साचत नाही.

अंतर: दर ८० ते १०० मीटरला टेकायला काहीतरी. सगळीकडे बाक शक्य नसेल तर मधे कमरेच्या उंचीचा आडवा पाइप, नुसता टेकून उभं राहायला. बाक चालायच्या १.८ मीटरमध्ये येता कामा नये, झाडांच्या ओळीत ठेवा, आणि झाडाच्या पूर्वेला, म्हणजे संध्याकाळच्या उन्हात सावली मिळते.

अजून एक, जे कुणी अर्जात लिहीत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वारंवार लागते. वाटेत स्वच्छतागृह नसेल तर मंडळी घरून पाणी न पिता निघतात, आणि इंदूरच्या उन्हात चक्कर येते ती याच्यामुळेही. २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरावर राहिलेल्या शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं आहेत, स्वच्छही आहेत. पण दारात तीन पायऱ्या आणि आत फक्त भारतीय पद्धतीची बैठक असेल तर गुडघेवाल्याला उपयोग शून्य. मार्गावरचं सगळ्यात जवळचं बघा, एक पाश्चात्त्य बैठक आणि तिच्या बाजूला भिंतीतला दांडा एवढं मागा. किरकोळ काम आहे.

फाइल_कुठे_अडली

घोटा_गुडघा, बाकांचा परिच्छेद जसाच्या तसा अर्जात जाऊ शकतो.

कागदाची बाजू सांगतो. छोट्या तक्रारी आणि मोठी मागणी वेगळी ठेवा. बुडालेलं चेंबर, तुटलेली जाळी, बंद पडलेला दिवा हे निगमाच्या इंदूर ३११ ॲपवर, प्रत्येक अडथळ्याची स्वतंत्र तक्रार, फोटोसकट. पाच गोष्टी एका तक्रारीत घातल्या की एक दुरुस्त करून पाचही बंद होतात. समाधान न होता बंद केली तर सीएम हेल्पलाइन १८१. तिथे तक्रार न सुटल्यास वरच्या पायरीवरच्या अधिकाऱ्याकडे जाते, आणि काम झाल्याशिवाय ती बंद करायला "हो" म्हणू नका. फोन येतो, गोड बोलतात.

मोठं काम: झोन कार्यालयात अर्ज, प्रत पार्षदांना आणि आयुक्तांना, पोच घेऊन. सोबत मुरूमगिट्टींनी सांगितलेली अडथळ्यांची यादी. आधार म्हणून तीन ओळी पुरतात: दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६, केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी कार्य मंत्रालयाची सुगम्यतेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं, आणि मे २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, ज्यात चालण्याजोगे फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क मानला आहे. रस्त्याची रचना मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा आणि ठेकेदारावर दंडाची तरतूद मोटर वाहन कायद्याच्या कलम १९८अ मध्ये २०१९ पासून आहे. ती पहिल्याच अर्जात घालू नका, दुसऱ्या स्मरणपत्रासाठी ठेवा.

ठेल्यांबद्दल: अर्जात "हटवा" हा शब्द नको. पथविक्रेता कायदा २०१४ प्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय विक्रेत्यांना हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रय समितीत त्यांचे प्रतिनिधीही असतात. शिवाय भाजी घ्यायला तुमचीच मंडळी तिथे थांबतात. संध्याकाळी ठेल्यांच्या दिव्यांनी फुटपाथवर उजेड असतो, तो गेला की भीती वाढते. मागायचं असं: ठेले रस्त्याकडच्या पट्टीत, फुटपाथवर रंगानं रेघ, रेघेच्या आत १.८ मीटर मोकळे. तुमचा फुटपाथ २.५ असल्यानं ठेल्याला ७० सेंटिमीटर उरतात, ते कमी पडतात, म्हणून त्या तुकड्यात एका गाडीच्या पार्किंगची जागा ठेल्यांना द्यायची मागणी करा. ठेलेवाल्यांशी आधी बोला, सही त्यांचीही घ्या. त्यांच्या सह्या असलेला अर्ज वेगळ्याच नजरेनं वाचला जातो.

डीपी निगमाच्या हातात नाही. ती पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीची. सरकवायचा खर्च कुणी करायचा यावरच फाइल वर्षभर फिरते. त्यामुळे डीपी सरकवा म्हणण्यापेक्षा तिच्या जाळीबाहेरून १.२ मीटर सपाट वाट काढायचा नकाशा द्या. जाळीचं दार उघडं राहत असेल तर तेवढी तक्रार मात्र १९१२ वर लगेच.

ओटीवरून

सगळं टिपून घेतलं. कॉलनीच्या आत पट्टी सीसीच्या लेव्हलला आणायची, फुटपाथ उभारायचा नाही, यावर मंडळाचं एकमत होईल असं दिसतंय. दोन गोष्टी राहिल्या. उचललेल्या चौकामुळे पाणी तुंबेल असं सब-इंजिनियर म्हणतात. आणि पार्षदांचा आग्रह आहे की मेन रोडच्या फुटपाथला सलग रेलिंग लावून देतो, म्हणजे ज्येष्ठ सुरक्षित.

चौराहा_मोजणी

रेलिंग सलग नको. दुकानासमोर रिक्षातून उतरलेला माणूस रेलिंगच्या बाहेर अडकतो आणि मोकळ्या जागेपर्यंत रस्त्यावरून चालतो. फुटपाथ अरुंद होतो तो वेगळाच. तरुण पोरं रेलिंग ओलांडतात, वळसा घालतो तो म्हाताराच. फक्त सिग्नलच्या कोपऱ्यावर, जिथे लोक वळणातून तिरके उतरतात, तिथे आठ-दहा मीटर ठीक आहे.

मुरूमगिट्टी

पाण्याचं: सब-इंजिनियरची भीती खोटी नाही. उचललेल्या भागाखालून १५० मिलिमीटरचा पाइप घालतात आणि तो गुलमोहराच्या पानांनी पहिल्याच पावसात गच्च होतो. पाइप नको. उचललेल्या भागाच्या चढाकडच्या बाजूला, दोन्ही कडांना जाळीचे चेंबर घ्या आणि ते स्टॉर्म लाइनला (पावसाच्या पाण्याच्या गटाराला) जोडा. स्टॉर्म लाइन नसेल तर कडेला २० सेंटिमीटर रुंद उघडी नाली सलग ठेवून तिच्यावर उचलता येणारी जाळी. जाळीच्या फटी १२ मिलिमीटरच्या आत आणि चालण्याच्या दिशेला आडव्या. फटी चालण्याच्या दिशेनं असल्या की काठीचं टोक आणि वॉकरचं चाक दोन्ही आत. काढून घेतात, चोरीला जाते असं म्हणतील, तर जाळीला बिजागरी लावायला सांगा.

काम संपल्यावर बिल निघायच्या आधी तीन गोष्टी तिथेच करा. प्रत्येक रॅम्पच्या माथ्यावर बादलीभर पाणी ओता आणि पाच मिनिटांनी खालच्या टप्प्यात डबकं राहतं का बघा. मंडळातल्या कुणाचा तरी चाकांचा वॉकर पूर्ण वाटेनं न उचलता ढकलत न्या, जिथे उचलावा लागेल तिथे खडूची खूण. पेव्हरच्या कडेचा एक ठोकळा काढून जाडी टेपनं मोजा, ६० च्या जागी ५० निघतो तो इथेच कळतो.

फाइल_कुठे_अडली

खडूच्या खुणांचे फोटो तारखेसकट झोन कार्यालयात द्या. वर्क ऑर्डरमध्ये दोष दुरुस्तीची मुदत असते, ती माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मिळते, मापन पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) प्रतही त्याच अर्जात मागा. मुदत चालू असेपर्यंत बसलेला रॅम्प किंवा डुलणारा ठोकळा ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं नीट करायचा असतो. पहिला पावसाळा उलटला की लगेच ऑक्टोबरात एक फेरी मारा, मुदत संपायची वाट न बघता.